ऊस जागेवर बसून खावा

ओंगार, डब्लिन
रविवार, दुपार

ती. मुरलीधरमामा आणि मामी यांना,

जयेशचा नमस्कार. पाया पडायला मी इथे वाकलो तर समोर विनयदादाचा गालिचा आहे आणि त्याच्यावर स्वरांगीने कालच दूध सांडलंय, त्यामुळे पाया पडल्याचं तुम्ही तिकडेच मानून घ्यावं. तुमचा गुडघा, मामीची साखर आणि गोठ्यातली तांबडी या तिघांच्या तब्येतीची चौकशी करतो. (मामीच्या दुखण्यावरून पै-पाहुणे तुम्हाला हसतात, साखर कारखान्याच्या माणसाच्या घरी हाच आजार म्हणून, हे मला ठाऊक आहे. मी हसत नाही. मी इथून गोळ्यांची आठवण करतो.) माझी तब्येत चांगली आहे. म्हणजे सर्दी आहे, पण ती इथे सगळ्यांनाच असते, तिला आजार धरत नाहीत.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही "बरं, बरं, जेवलास का?" एवढं विचारून फोन मामीकडे देता. शिवाय मी शाळेत असताना तुम्ही माझी पत्रं लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवायचात, त्यामुळे तुम्हाला कागदावरच नीट सांगता येतं असं मला वाटतं. हेही पत्र दोनदा तपासूनच टाकीन. तर मामी फोनवर म्हणाली की तुम्हाला परदेशातल्या एका साखर कारखान्याचं बोलावणं आलंय, निवृत्त होऊन एवढी वर्षं झाल्यावर, आणि तेही शेतकी अधिकारी म्हणूनच. फार आनंद झाला. त्या विषयावर मी या पत्रात एक अक्षरही लिहिणार नाही, तो तुमचा प्रश्न आहे. हे पत्र फक्त माझ्या प्रवासाची हकीगत कळवण्यासाठी आहे.

प्रवास म्हणजे युगांडाचा. विनयदादाचं वेड तुम्हाला अर्धवट माहीत आहे, पूर्ण सांगतो. दादा इथल्या सरकारी इस्पितळात लोकांना भूल देतो आणि वर्षाची सगळी रजा साठवून युगांडाच्या जंगलात जातो, चिंपांझींचे फोटो काढायला. (पेपरात हा शब्द तीन प्रकारे छापून येतो. मी 'चिंपांझी' ठरवलाय आणि शेवटपर्यंत तोच ठेवीन.) घरात सगळीकडे चिंपांझी आहेत. जिन्यात आहेत, जेवणाच्या टेबलावर आहेत, न्हाणीघरातही एक म्हातारा नर आहे, तो आरशात आपल्या खांद्यावरून बघतो आणि दाढी करताना मी आधी त्याच्यावर टॉवेल टाकतो. देवघरही सुटलेलं नाही. गणपतीच्या शेजारी आजोबांचा फोटो आणि आजोबांच्या शेजारी एक मादी. गेल्या दिवाळीत एक पाहुणे हात जोडून आजोबांना नमस्कार करत करत पुढे सरकले आणि तिच्यापुढे थबकले. मग हळूच वहिनीला म्हणाले, "या, वहिनी, तुमच्या माहेरच्या का?" पद्मिनीवहिनी त्यावर फक्त चहा टाकायला आत गेली. स्वरांगी आता अकरा वर्षांची आहे, तिला मराठी सगळं कळतं पण उत्तर इथल्या हेलातल्या इंग्रजीतच येतं. ती मला म्हणाली की बाबाला माझा वाढदिवस फोनमध्ये बघावा लागतो आणि चिंपांझींचे वाढदिवस पाठ आहेत. (हे खरं आहे. मी तपासलं.)

दादाबरोबर दरवर्षी त्याचा मित्र केदार जायचा, पण यंदा केदारच्या पाठीने संप केला. तिथे राहायची सोय दोघांची झाली होती, ती फुकट जाऊ नये म्हणून दादाची नजर घरात फिरली आणि माझ्यावर थांबली. मी तेव्हा पोळीला तूप लावत होतो. "जया, तुला कॅमेऱ्याचं स्टँड उचलता येईल ना?" मी म्हटलं, दादा, मी हॉटेलात तांदळाची पोती उचलतो. इथेच मी फसलो. स्वोर्ड्सच्या हॉटेलच्या मालकाने रजाही लगेच दिली, म्हणाला, जा, तुझ्यामुळे कांदा जास्त बारीक होतोय. (माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. एक फोड मोठी राहिली की मला झोप लागत नाही.)

निघण्याआधी सुई टोचून घ्यावी लागते, ती टोचली. वहिनीने शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा दिला. तिथे पोचल्यावर आमचा वाटाड्या मुगिशा, हा माणूस जन्मभर त्याच जंगलात हिंडलेला, त्याने पहिल्याच दिवशी नियम सांगितले. जंगलात खाणं न्यायचं नाही. तोंडाला मास्क. बूट औषधाच्या पाण्यात बुडवायचे. कारण आपली साधी सर्दी त्यांना लागते आणि आख्खा कळप मरू शकतो. तो म्हणाला, इतके ते आपले जवळचे आहेत की आपलं काहीही त्यांना लागू पडतं. हे ऐकल्याबरोबर मी हात वर केला आणि सांगितलं की विमानतळावर उतरताना मला एकदा खोकला आला होता. दादाने कपाळाला हात लावला. "अरे, तो बडीशेप अडकल्याचा खोकला होता!" पण मुगिशा म्हणाला, प्रामाणिक माणूस आहे, याला उद्या आत न्यायचं नाही. त्यामुळे सगळे जंगलात गेले आणि मी तंबूबाहेर खुर्चीवर बसून राहिलो. तिथे एक बबून आला, कुत्र्यासारख्या तोंडाचं दांडगं माकड, त्याने माझ्याकडे नीट बघितलं, लाडवांचा डबा उचलला, झाकण उघडून बाजूला ठेवलं आणि समोरच बसून सगळे लाडू संपवले. त्याला कुणी मास्क लावायला सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मी आत गेलो. मामा, जंगलात चालणं म्हणजे काय ते मी सविस्तर लिहिलं तर मामीला झोप लागणार नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. मुंग्या पँटच्या आतून चढतात आणि सगळ्या पोचेपर्यंत चावत नाहीत, मग एकदम चावतात. मी स्टँड टाकून ज्या प्रकारे नाचलो ते दादाने कॅमेऱ्यात घेतलंय आणि ते पुढेमागे तुम्हाला दाखवलं जाईलच. नंतर एका झाडाखाली उभा असताना माझ्या डोक्यावर कोमट पाऊस पडला. वर बघू नको, असं सांगायला मुगिशाला उशीर झाला. मग तो माझा हात हातात घेऊन म्हणाला, अभिनंदन, तू चिंपांझीखाली उभा आहेस.

त्यांचा आवाज मात्र मी विसरणार नाही. आधी खालच्या पट्टीत एकच जण सुरू करतो, हू, हू, मग दम भरत भरत वर जातो, मग दुसरे मिसळतात आणि शेवटी आख्खं जंगल ओरडतं. मला एकदम आपल्या कारखान्याचा भोंगा आठवला, तोही असाच आधी घसा साफ करायचा. मी हे दादाला सांगितलं तर त्याने कॅमेरा खाली घेतला. मग म्हणाला, "भोंग्याचं नाव इथे नको काढूस." तेव्हा मला कळलं नाही.

फोटो काढणं हे आपण समजतो तसं नसतं. काळोखात काळं अंग आणि त्यात काळे डोळे. दादा तासन्‌तास गुडघ्यावर बसतो. इस्पितळात पेशंट भुलीखाली जाताना त्याचा श्वास बघायची सवय, तीच तिथे वापरतो. समोरच्या चिंपांझीचा श्वास बघतो, तो बाहेर पडून थांबला की त्या थांबण्यात बटण दाबतो. म्हणूनच त्याच्या फोटोंतले चिंपांझी इतके शांत दिसतात, जणू जगात कुठेच काही चाललेलं नाही. आणि मागे जंगल. हिरवं, खोल, न संपणारं. ल्यूकनच्या प्रदर्शनात लोकांना जे आवडलं ते हेच, पण तिकडे मी नंतर येतो.

कारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला वास आला. आम्ही ओढ्याच्या काठाने चाललो होतो, दोन्ही बाजूंना झाडी होती, आणि मामा, मला मळीचा वास आला. मागोमाग पाचट जाळल्याचा. मला वाटलं, घरची आठवण नाकात शिरली. मी म्हटलं, दादा, गाळप सुरू झालंय का? दादाने वेग वाढवला. पुढे वीस पावलांवर झाडी संपली आणि ऊस सुरू झाला. असा सुरू झाला की जसं काही इथे आधी दुसरं काही नव्हतंच. टेकडीमागून टेकडी, सगळा ऊस. काही लागण ताजी, काही तोडलेल्या बुडख्यांतून फुटलेला खोडवा, सऱ्या सरळ, अगदी तुम्ही शिकवलेल्या. रस्त्यावरून उसाने भरलेल्या ट्रॉल्या चालल्या होत्या आणि मागे पोरं लटकून कांडी ओढत होती, ड्रायव्हर शिव्या देत होता. शिव्यांची भाषा सोडली तर सगळं आपलंच. मला इतका आनंद झाला की मी हात वर करून त्या ड्रायव्हरला ओरडून नमस्कार केला. मग वळून बघितलं तर दादा उसाकडे पाठ करून उभा होता.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. दादा नेहमी असाच उभा राहतो. ज्या जंगलात आम्ही इतके दिवस हिंडलो त्याची रुंदी त्या ओढ्याकाठी तुमच्या विहिरीपासून डांबरी रस्त्यापर्यंत, म्हणजे शे-दीडशे पावलं असेल. जंगलाचे दोन मोठे तुकडे उरलेत, त्यांना जोडणारा तो झाडीचा पट्टा. एका तुकड्यातून दुसऱ्यात जायला चिंपांझींना तेवढीच वाट आहे. ओढ्याला उंबरासारखी झाडं होती, त्यांच्या फळांवर ते जगायचे, ती बरीच तुटली. फोटोतलं जंगल संपत नाही, याचं कारण दादा कॅमेरा वळवत नाही.

मी विचारलं, दादा, इकडचा का नाही काढत? तो लेन्स पुसत बसला. (पुसलेलीच पुसत होता.) म्हणाला, "जया, मी डॉक्टर कशावर झालो?" मी म्हटलं, मामांच्या उसावर. "मग? कुठल्या तोंडाने काढू?" माझा डिप्लोमाही उसावरच चालला होता, तो अर्धवट राहिला यात उसाचा दोष नाही.

आता तिच्याबद्दल सांगतो. तिचं नाव न्याकातो. मुगिशाच्या लोकांनी ठेवलेलं, त्यांच्यात जुळ्यातल्या धाकट्या मुलीला हे नाव ठेवतात. (जुळ्यातली थोरली कुठे आहे ते मी विचारलं. मुगिशा म्हणाला, ते विचारू नको.) देवघरात आजोबांच्या शेजारी आहे ती हीच. फोटोत तिचा चेहरा तेवढा आहे, हात दिसत नाहीत, ते दादाने मुद्दाम केलंय. तिला डावा पंजा नाही. उसाच्या कडेला रानडुकरांसाठी तारेचे फास लावतात, त्यात अडकला, तिने ओढ ओढ ओढला आणि तार घेऊन गेली, मग काही दिवसांनी तार आणि पंजा दोन्ही गळून पडलं. मुगिशा आणि त्याचे सोबती रोज फास शोधून काढतात, ढीग दाखवला त्याने मला. सायकलच्या ब्रेकच्या तारा, साध्या बांधायच्या तारा.

शेवटच्या दिवशी कळप ओढ्याच्या काठावर येऊन थांबला. झाडांवर फळ नव्हतं. बराच वेळ सगळे उसाकडे बघत बसले, जसं जेवायला बोलावलेलं नसताना पंगतीकडे बघावं. मग मोठा नर उतरला, उसात घुसला, मागून बाकीचे. कडकड मोडायचे, दोन-चार कांडी काखेत मारायची आणि परत झाडीत पळायचं. एका मिनिटात सगळे आत आणि सगळे बाहेर. पोलीस आल्यावर मंडई जशी उठते तसं.

न्याकातो सगळ्यात शेवटी उतरली. पाठीवर तिचं पिल्लू. तिने एक ऊस मोडला. पण एका हाताने ऊस धरला तर चालायचं कशावर आणि झाडावर चढायचं कशाने? तिने जरा विचार केला असावा. मग ती तिथेच, शेताच्या बांधावर बसली. पाय पसरून, अगदी व्यवस्थित. ऊस दोन पायांच्या बोटांत धरला, दाताने साल सोलली, पेर मोडलं, चघळलं, चोथा बाजूला थुंकला. साल एका बाजूला, चोथा दुसऱ्या बाजूला. आणि पिल्लू पाठीवरून उतरलं, तिच्या शेजारी तसंच पाय पसरून बसलं आणि एक कांडं घेऊन तसंच खायला लागलं.

मामा, तुमच्या मळ्याच्या तोंडाशी तुम्ही स्वतः रंगवलेली पाटी आहे. 'ऊस जागेवर बसून खावा. बांधून नेऊ नये.' शाळेतून येताना आम्ही सगळी पोरं त्या पाटीखाली बसून खायचो, आणि वाटसरू, धनगर, एसटीचे कंडक्टर, कुणीही. तुम्ही कुणालाही कधी उठवलं नाहीत. फक्त कुणी मोळी बांधायला लागला की लांबून ओरडायचात. मी दादाच्या कानात म्हटलं, "दादा, ही मामांची पाटी वाचून आलीये." दादा हसला. जंगलात आवाज करायचा नाही म्हणून तोंडावर हात दाबून हसला, खांदे हलत होते, मास्क ओला झाला. मग मला दिसलं की तो हसत नाहीये. मग त्याने कॅमेरा वळवला. मी त्याच्याबरोबर होतो तेवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. मागे ऊस, पुढे बांध, बांधावर ती दोघं.

फार वेळ मिळाला नाही. राखणदार पत्र्याचा डबा बडवत आले, बरोबर कुत्री. (त्या राखणदारांचाही राग धरता येत नाही, ऊस कमी भरला की त्यांना शिव्या बसतात.) कळप तोपर्यंत झाडीत होता. ही एकटी उघड्यावर. पिल्लाला पाठीवर घेतलं आणि तीन पायांवर पळाली, पंजा नसलेलं मनगट छातीशी धरून, लंगडत. पोचली त्या दिवशी. बांधावर अर्धा ऊस राहिला. परतीच्या वाटेवर मुगिशा म्हणाला, बाकीचे वाचतील, ते चोर आहेत. ही चोरी करत नाही, बसून खाते, म्हणून ही सापडेल. आणि पिल्लू तिच्याकडूनच शिकतंय.

इकडे परत आल्यावर मुगिशाच्या फास काढणाऱ्या लोकांना मदत म्हणून दादाने ल्यूकनच्या एका हॉलमध्ये फोटोंचं प्रदर्शन लावलं. इथलं मराठी मंडळ, इस्पितळातले लोक, शेजारी, सगळे आले. वहिनीने बटाटेवडे केले, तेही गर्दीचं एक कारण. मला फोटोंखालच्या चिठ्ठ्या लिहायचं काम होतं, इंग्रजीत आणि मराठीत. आम्ही भिंतीवर फोटो लावले तर शेवटचा खिळा रिकामा राहिला. बांधावरचा फोटो दादाने आदल्याच दिवशी मोठा करून आणला होता आणि येताना हॉलच्या प्रेसमध्ये ठेवून दिला होता. (इथे कपाटाला प्रेस म्हणतात. मला पहिले सहा महिने वाटायचं की या लोकांकडे घरोघरी छापखाने आहेत.)

लोक फिरून बघत होते. "किती सुंदर!" "डोळे बघा ना, माणसासारखे!" एक बाई म्हणाल्या, आपल्या कोकणासारखं वाटतंय. हृषीकेश म्हणून आहेत, चिपच्या कारखान्यात इंजिनियर, मनाने चांगले आहेत, ते वडा हातात घेऊन त्या न संपणाऱ्या हिरव्या फोटोपुढे उभे राहिले आणि दादाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "विनय, बरं वाटलं यार. आम्ही उगाच ऐकतो, जंगल संपलं, जंगल संपलं. एवढं पडलंय की!" दादाने मान हलवली. त्याचा चेहरा मी बघितला. पेशंट शुद्धीवर येत नसताना दादाचा चेहरा कसा होत असेल ते मला कळलं.

मला बोलता येत नाही. मी डेक्लनकडे गेलो. डेक्लन म्हणजे त्या हॉलच्या किल्ल्या सांभाळणारा म्हातारा, तो सगळ्याला 'ग्रँड' म्हणतो, छप्पर गळत असलं तरी. त्याच्याकडून प्रेस उघडून घेतली आणि फोटो शेवटच्या खिळ्याला लावला. खाली चिठ्ठी हवी होती आणि चिठ्ठीशिवाय फोटो लावणं मला बरोबर वाटेना, म्हणून जे सुचलं ते फक्त मराठीत लिहिलं. 'ऊस जागेवर बसून खावा. बांधून नेऊ नये.'

आधी हसू फुटलं. आपल्याकडचे लोक वाचून खो खो हसले, एकाने सेल्फीही घेतली. मग एकेकाचं लक्ष तिच्या मनगटाकडे गेलं, मग मागच्या उसाकडे, आणि सेल्फीवाल्याने फोन खिशात घातला. हृषीकेश वडा खाली ठेवून मला म्हणाले, "हे त्याच जंगलात आहे?" मी म्हटलं, त्या हिरव्या फोटोत तुमच्या पाठीमागे हे आहे. दादा कोपऱ्यात उभा होता. मला वाटलं, आता माझी बॅग बाहेर जाणार. तो आला, फोटोची चौकट जराशी तिरकी होती ती सरळ केली आणि म्हणाला, "लेव्हल बघून लावत जा रे."

सगळे गेल्यावर डेक्लनने विचारलं, त्या चिठ्ठीत काय लिहिलंय? मी त्याला तुमची पाटी समजावून सांगितली, की आमच्या मामांच्या शेतात हा रिवाज आहे, बसून खाणाऱ्याला कुणी उठवत नाही. त्याने चष्मा लावून फोटो बघितला. तो ग्रँड म्हणाला नाही. तो म्हणाला, छान रिवाज आहे, ती तर पाळतेय. पण तिकडच्या 'युअर मॅन'ला हे कुणी सांगितलंय का? (इथे 'युअर मॅन' म्हणजे तो, तो कोण तो गृहस्थ. आपण त्याला ओळखत असलो पाहिजे असं नाही.) मी म्हटलं, नाही. मी त्या गृहस्थाला ओळखत नाही.

तर अशी ही हकीगत. फार लांबली. दादा, वहिनी आणि स्वरांगी तुम्हाला नमस्कार सांगतात. स्वरांगीने स्वतः मराठीत सांगितला, 'नमस्कार, आजोबा', मी ऐकलंय. गुडघ्याला तेल लावत राहा.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
जयेश

ता. क. : मामीने तुमच्या नव्या कारखान्याचं नाव फोनवर वाचून दाखवलं, अडखळत वाचलं, पण मला कळलं. ते मी ट्रॉल्यांच्या मागच्या फळ्यांवर वाचलंय. त्यामुळे मी वर लिहिलं की त्या गृहस्थाला मी ओळखत नाही, ते आता तितकंसं बरोबर राहिलेलं नाही. जाऊ नका असं मी म्हणणार नाही. मला आणि दादाला ते म्हणण्याचा अधिकार नाही, दादाही असंच म्हणतो. पण नवी लागण कुठे करायची ते शेतकी अधिकारी जमीन फिरून ठरवतो, हे मी लहानपणी तुमच्या मोटरसायकलवर मागे बसून बघितलंय. ओढ्याकाठचा पट्टा तुमच्याकडे येईल. काळीभोर जमीन आहे, पाणी हाताशी आहे, कुठलाही शेतकी अधिकारी तिथेच बोट ठेवील. तेवढं बोट उचला. हे विचारायलाच सगळं पत्र लिहिलं. आधी लिहायला धीर झाला नाही.

ता. क. दुसरा : पट्टा तुमच्या हातात नसेल तर नसू दे. पण राखणदार तर तुमच्या हाताखाली असतील. त्यांना तुमची पाटी सांगा. मुगिशा त्यांच्या भाषेत लिहून द्यायला तयार आहे. बसून खाणाऱ्याला उठवू नये, एवढंच. तिला डावा पंजा नाही, ओळखायला सोपी आहे. तिला काही सांगावं लागणार नाही.

ता. क. तिसरा : पत्र तपासायला दोन दिवस ठेवलं होतं, म्हणून हे लिहावं लागतंय. काल मुगिशाचा दादाला निरोप आला. न्याकातो गेल्या आठवड्यातच बांधावर सापडली. कुत्र्यांना. दादा संध्याकाळी इस्पितळातून आला, देवघरापुढे उभा राहिला, वहिनीने काही न विचारता आजोबांच्या फोटोवरच्या हाराजवळ दुसरा हार ठेवला. वर मी जिथे जिथे 'बसून खाते', 'ओळखायला सोपी आहे' असं लिहिलंय तिथे काळ चुकलाय. खाडाखोड केलेली नाही. तुम्हीच लाल शाईने करा.

पिल्लू वाचलंय. ते कळपाबरोबर जात नाही. मुगिशाने लिहिलंय की रोज दुपारी येऊन त्याच बांधावर बसतं, पाय पसरून, साल एका बाजूला आणि चोथा दुसऱ्या बाजूला. मामा, त्याला दोन्ही हात आहेत. पळायला काही हरकत नाही. पण त्याला ऊस असाच खातात एवढंच माहीत आहे.

तेव्हा वरच्या दोन्ही विनंत्या राहू द्या. तुम्ही पोचलात की पाटीबिटी लावू नका. तिथे जा आणि जे तुम्ही आयुष्यात कुणालाच म्हणाला नाहीत ते त्याला ओरडून म्हणा. म्हणा, बांधून ने रे, बाळा. इथे बसू नको.